डाव्या बाजूचं जेवण

कोणत्याही समाजाची संस्कृती त्याच्या ताटाच्या डाव्या बाजूला नांदते. हे विधान मी पहिल्यांदा शाळेतल्या एका निरोप समारंभात केलं. निरोप माझाच होता. ध्वनिक्षेपक बंद पडल्यामुळे ते दुसऱ्या रांगेपलीकडे पोचलं नाही, आणि पहिल्या दोन रांगांचं लक्ष मागून येणाऱ्या भज्यांच्या वासाकडे होतं. तरीही विधान मला आवडलं आणि पुढे मी ते बऱ्याच ठिकाणी वापरलं. उजव्या बाजूला भाजी-आमटी, ती पोटासाठी. डाव्या बाजूला मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. त्यानं पोट भरत नाही, पण ते नसलं तर पंगतीतला माणूस मान वर करून वाढप्याला शोधतो.

आमच्या घरात ही डावी बाजू फक्त लग्नकार्यात आणि व्याही आल्यावर दिसायची, हे मी भाषणात सांगत नसे. एरवी ताटात भाकरी आणि तिच्यावर कालवण, बाजू वगैरे काही नाही.

मागच्या फेब्रुवारीत मात्र त्या डाव्या बाजूवर एका मुलीचं सगळं अडकलं होतं, आणि तेव्हा मी तिथे होतो.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, कुंभार पिंपळगावला शेती करतो. मोसंबीची बाग आहे, थोडा हरभरा, थोडी ज्वारी. मी जालन्याला शिक्षक होतो; मराठी आणि भूगोल शिकवायचो. दादाची धाकटी मुलगी, माझी पुतणी, संभाजीनगरला तीन वर्षं राहून हॉटेलचं शिक्षण घेऊन आली. पदवीच्या फोटोत तिच्या डोक्यावर पांढरी उंच टोपी होती. दादानं फोटो बराच वेळ पाहिला आणि टोपी इतकी उंच कशाला, म्हणून विचारलं. जेवढा हुद्दा मोठा तेवढी टोपी उंच, असं तिनं सांगितलं. दादा म्हणाला, आपल्याकडं बी तसंच हाय, फक्त टोपी दिसत न्हाई.

तिला गोव्यातल्या एका हॉटेलातून नोकरीचं बोलावणं आलं. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. विभागाचं नाव होतं कोल्ड किचन. तिथे सॅलडं करतात, गार पदार्थ करतात, चूल नसते. चूल नसलेलं स्वयंपाकघर दादाला पटेना. त्यानं तालुक्याच्या एका शाळेच्या ऑफिसात तिच्यासाठी जागा बघून ठेवली होती. खुर्ची होती, पंखा होता, संध्याकाळी घरी.

"काकडी कापायला गोव्याला जाऊन राह्यली का माय?" तो म्हणाला. "काकडी तर तुझी आई बी कापती."

पुतणी त्याच्यासारखीच आहे, वाद घालत नाही, वाट बघते. तिनं विचारलं, "आबा, मी जेवण करून दाखवलं तर?"

दादानं विचार केला आणि अट घातली. रविवारी दुपारी तिनं तिच्या शिक्षणाचं जेवण वाढायचं. भाकरी नाही, चपाती नाही, भात नाही. ताटावर बसल्यापासून उठेपर्यंत त्यानं भाकरी मागितली नाही, तर तिनं गोव्याला जायचं. मागितली, तर सोमवारी शाळेत. दादाचा शब्द म्हणजे आमच्या भावकीत खरेदीखत. दिलेला शब्द फिरवलेला मी साठ वर्षांत पाहिला नाही, आणि भाकरीशिवाय उठलेला दादाही पाहिला नव्हता.

तिनं मला फोन केला. "काका, तुम्ही पंच. आणि येताना तीन वस्तू आणा."

सिरका, ऑलिव्हचं तेल आणि हलूमी नावाचं चीज, अशा त्या तीन वस्तू. सिरका लगेच मिळाला. चायनीजच्या गाडीवाल्यांमुळे जालन्यात सिरक्याला तोटा नाही. चीजचं नाव ऐकून दुकानदारानं ते मी पुन्हा एकदा म्हणावं अशी विनंती केली आणि मग नाही म्हणाला. ऑलिव्ह तेल शेवटी औषधाच्या दुकानात मिळालं, छोट्या डब्यात. दुकानदारानं विचारलं, बाळ किती महिन्यांचं आहे. मला प्रश्न कळला नाही. जेवणात घालायचंय म्हटल्यावर त्यानं डबा परत घेऊन त्याच्यावरची बारीक अक्षरं मला वाचून दाखवली. ते मालिशचं होतं. तरी मी घेतलं. इतकं फिरल्यावर रिकाम्या हातानं जाणं बरं दिसलं नसतं.

गुरुवारी दुपारी पोचलो. पुतणीनं डबा पाहिला आणि हसू दाबत तो फळीवर आईच्या गुडघेदुखीच्या तेलाशेजारी ठेवला. मग म्हणाली, करडीचं तेल आहे घरात, घाण्याचं, तेच घालू. आणि चीज नाही तर पनीर करू.

तिनं मला एक कागद दाखवला, गोव्याच्या त्या हॉटेलच्या भूमध्यसागरी पदार्थांच्या भोजनयादीचा. एका ताटलीचं वर्णन चार ओळींचं होतं. काकडी कुठे पिकली, कुणाच्या हातानं तोडली गेली, तिच्यावर कोणत्या समुद्राचं मीठ शिंपडलं. वाचून मला काकडीबद्दल आदर वाटू लागला. मी तीस वर्षं मुलांना शिकवत आलो होतो, की भूमध्यसागरी प्रदेशात उन्हाळा कोरडा असतो, हिवाळ्यात पाऊस पडतो आणि लिंबूवर्गीय फळं होतात. हे मी कधी पाहिलं नव्हतं आणि मुलांनीही कधी पुरावा मागितला नाही. त्या किनाऱ्यावरच्या लोकांनी तत्त्वज्ञान आणि नाटक जगाला दिलं, असं वाचलं होतं. ते दुपारी काय खायचे, हे मात्र पहिल्यांदाच कळत होतं. कापलेली फळं, आंबवलेल्या भाज्या, भाजलेलं चीज. एवढ्यावर इतका विचार करता येतो, याचं मला कौतुक वाटलं.

गुरुवारीच संध्याकाळी तिनं गाजर, मुळा, कांदा आणि बीट यांच्या काड्या कापल्या. सिरका, पाणी, मीठ आणि थोडी साखर उकळून काचेच्या बरणीत त्यांच्यावर ओतलं. वहिनींनी विचारलं, हे काय. त्या प्रकाराला मराठीत दुसरा शब्द नाही, म्हणून ती म्हणाली, लोणचं.

सगळं त्या शब्दानं बिघडवलं.

शनिवारी ती तीर्थपुरीला द्राक्षं, डाळिंबं आणि पुदिना आणायला गेली. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. वहिनी बरणी घेऊन बाहेर आल्या, उजेडात धरली, वासही घेतला. चाळीस वर्षं लोणचं घालणाऱ्या बाईला काय दिसलं असेल, हे मला आज कळतं. तेल नाही, मोहरी नाही, तिखट नाही, आणि फोडी चक्क पाण्यात. दोन दिवसांत बुरशी. लेकीच्या आयुष्याचा प्रश्न, आणि लेक तेल घालायला विसरलेली.

"भाऊजी, ह्ये असंच ठिवायचं का?"

मी अग्रलेखात होतो. "हूं," म्हणालो. त्यांनी तो नकार समजला की होकार, मला माहीत नाही. पण थोड्या वेळानं आतून फोडणीचा आवाज आला आणि घरभर हिंगाचा चांगला वास सुटला. मला भूक लागली, इतकंच मी त्यातून समजलो.

त्याआधी सकाळी पनीरवरून एक प्रसंग झाला होता. पुतणीनं म्हशीचं दोन लिटर दूध उकळून त्यात लिंबू पिळलं. घरात दूध नासलं तर वहिनी दिवसभर गप्प असतात. इथे पोटची पोर मुद्दाम नासवत होती. वहिनी स्वयंपाकघरातून उठून गोठ्यात गेल्या. म्हशीसमोर तोंड दाखवायचं कसं, असं त्या नंतर म्हणाल्या, पण गेल्या मात्र तिथेच. पुतणीनं चोथा फडक्यात बांधून वर पाटा ठेवला, आणि संध्याकाळपर्यंत त्याची चांगली घट्ट वडी झाली.

रविवारी सकाळी पुतणीनं बरणी काढली. आतलं सगळं लाल होतं. वर बोटभर तेल, तेलात मोहरी.

"आई, ह्ये काय?"

"तू तेल विसरली व्हतीस माय. मी घातलं. तिखट जरा कमीच टाकलंय, तुझ्या बेतानं."

वहिनींच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. पुतणी बरणी घेऊन उंबऱ्यावर बसली. एक फोड तोंडात टाकली, चावली आणि माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.

मी तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणालो, की मी दादाशी बोलतो, अट पुढच्या रविवारवर टाकू.

"उद्या कळवायचंय काका तेंन्ला," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी त्या जागेवर दुसरी कुणी कापत असंल काकडी."

मग ती उठली. अर्ध्या फोडी चाळणीत घेऊन पाण्याखाली धरल्या, पुन्हा सिरक्यात टाकल्या. अर्ध्या तशाच ठेवल्या. मोसंबी सोलून प्रत्येक फोडीवरचं पांढरं साल आणि पापुद्रा काढला, हे काम मी तासभर पाहत होतो आणि एका मोसंबीत एवढं काढण्यासारखं असतं हे मला माहीत नव्हतं. द्राक्षं अर्धी कापली. डाळिंबाचे दाणे, काकडी, पुदिना, रानातले हिरवे हरभरे. वरून करडीचं तेल, लिंबू, मीठ. शेवटी पनीरच्या जाड चकत्या भाकरीच्या तव्यावर भाजल्या. हॉटेलात त्यांच्यावर काळ्या रेघा असतात म्हणून तिनं उलथनं विस्तवात लाल केलं आणि त्याच्या कडेनं एकेका चकतीवर तीन तीन रेघा ओढल्या.

दादा सकाळी लवकर आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या झोपडीकडे, गेला होता. बागेला पाणी आहे म्हणाला. बाराच्या सुमाराला आला, पाय धुतले आणि पाटावर बसला. मी शेजारी. पुतणी मोठी परात घेऊन आली. परात खरंच सुंदर दिसत होती. हिरवं, लाल, पिवळसर, मध्ये भाजलेलं पनीर. मी माझ्या विधानासह क्षणभर नतमस्तक झालो.

पण वाढायचं काम वहिनींचं. त्यांनी परात तिच्या हातातून घेतली आणि हात सवयीप्रमाणे चालू लागला. कोशिंबिरीसारखं दिसतंय ते डाव्या बाजूला, डावभर. लोणचं त्याच्या वर, चार फोडी. पनीरची एक चकती, तीही डावीकडेच, कारण तळलेलं-भाजलेलं तिथेच जातं. मग त्या थांबल्या. ताटाची उजवी बाजू रिकामी, मधली जागा रिकामी. भाकरीएवढी गोल, स्वच्छ, घासलेली जागा सगळ्यांकडे बघत होती.

पुतणी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिचं तोंड उतरलं. तीन वर्षांचं शिक्षण, आणि ते ताटाच्या एका कोपऱ्यात तोंडी लावायला बसलेलं. दादानं त्या मधल्या जागेकडे पाहिलं. आयुष्यभर तिथे जे असायचं ते नव्हतं, आणि त्याचा उजवा हात ताटाच्या वर तसाच थांबला होता, बोटं भाकरी मोडायच्या तयारीत.

मग त्यानं हाताची कड ताटाला लावली, आणि डावीकडचं सगळं ओढून मधोमध आणलं. धान्य गोळा करतात तसं, एकही दाणा बाहेर न ठेवता.

"परात हिकडं आण," तो म्हणाला. "एवढ्यानं काय व्हतंय."

पुतणीनं परात आणली. तिनं काटा-चमचा पुढे केला; त्यानं तो खुरप्यासारखा धरला, एक द्राक्ष निसटून माझ्या ताटात आलं, तेव्हा त्यानं तो खाली ठेवला आणि हातानं खायला लागला. पनीरची चकती उचलून उजेडात धरली.

"ह्या रेघा कामून?"

"दिसायला, आबा."

"बैलाला डाग देतेत तशा हायेत." चावली. "बैलापेक्षा बरं हाय."

तो सावकाश जेवला. मोसंबीच्या फोडी ओळखायला त्याला वेळ लागला. स्वतःच्या बागेतलं फळ त्यानं कपडे काढलेलं कधी पाहिलं नव्हतं. धुतलेलं लोणचं आंबट म्हणून बाजूला सारलं, न धुतलेलं दोनदा मागून घेतलं. मी पंच होतो, म्हणून त्याच्या तोंडाकडे बघत होतो. वहिनी त्याच्या हाताकडे बघत होत्या. पुतणी कुणाकडेच बघत नव्हती. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती, आणि ते मागच्या महिन्याचं होतं.

परात निम्मी झाल्यावर दादानं ताटात हात धुतले. आमच्याकडे ताटात हात धुतले, की जेवण संपलं. त्यापुढे अपील नाही.

"पोट भरलं," तो म्हणाला. मग उठताना, तिच्याकडे न बघता, "कळीव तेंन्ला. कोनती गाडी जाती, तुझ्या काकाला इचार."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. पुतणी आत गेली, बराच वेळ बाहेर आली नाही. मी माझं पंचाचं मत देण्यासाठी घसा साफ केला, पण ऐकायला कुणी उरलं नव्हतं.

दुपारी मी दादाबरोबर आखाड्यावर गेलो. रस्त्यानं मला राहवेना. म्हटलं, आज मी एक मोठी गोष्ट पाहिली. सत्तरीच्या माणसानं जिभेची सवय एका जेवणात बदलली. हा फक्त जेवणाचा प्रश्न नाही, एक पिढी दुसऱ्या पिढीला मधली जागा देते, तेव्हा असं होतं. दादा हं हं करत ऐकत होता. त्याला माझी भाषणं आवडतात. चालताना वेळ जातो म्हणतो.

आखाड्यावर सालगड्याची बायको भांडी घासत होती. आम्हाला पाहून तिनं हात धुतले आणि दादाला म्हणाली, "मालक, पिठलं उरलंय सकाळचं. तुमी तीन भाकरी खाऊन गेल्ता, चौथी बांधून ठिवलीय. आता खाता का?"

मी दादाकडे पाहिलं. दादानं एका झाडाकडे पाहिलं, त्याच्या खोडावरचा डिंक नखानं काढला.

"ताटावर बसल्यापासून म्हनलो व्हतो," तो म्हणाला. "बसायच्या आधीचं काय बोललो न्हवतो. शब्द बराबर हाय का न्हाई? तू पंच हायेस."

शब्द बरोबर होता. मी तसं सांगितलं.

"तिला जाऊ द्यायचंच व्हतं, तर अट कशाला घातलीस?"

"मंग काय, नुसतं जा म्हनायचं?" तो म्हणाला, आणि विहिरीवरची मोटार चालू करायला गेला.

चौथी भाकरी मी खाल्ली. पंचाला ती चालते की नाही याबद्दल अटीत काही नव्हतं.

संध्याकाळी घरी परतलो, तेव्हा वहिनी गोठ्यात होत्या आणि पुतणी चुलीपुढे बसली होती. तिनं हॉटेलला फोन केला होता, तिकडून होकार आला होता. गाडीचंही तिनं दुसरीकडूनच विचारून घेतलं होतं. तिच्या हातात गरम भाकरी होती, शेजारी ठेचा. सकाळपासून करण्यात ती उपाशीच राहिली होती, आणि आता दुसरी भाकरी चालू होती. परात तिच्यामागे झाकून ठेवलेली होती, अजून निम्मी.

मी विचारलं, एवढं सॅलड उरलंय, ते का नाही खाल्लंस?

तिनं घास गिळला.

"काका," ती म्हणाली, "मला कच्चं आवडत न्हाई."